पत्रास कारण विचारणाऱ्या बाई

कागद हातात आला की बाई तो लगेच वाचायच्या नाहीत. पहिल्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि हळूहळू खाली न्यायच्या, तांदळात खडा शोधावा तसं. कुठेतरी मध्यावर बोट थांबायचं. मग चष्म्याच्या वरून समोरच्या पोराकडे बघून विचारायच्या, "पत्रास कारण?"

पोरगा लखनौचा. त्याच्या सात पिढ्यांत कोणी मराठी बोललेलं नाही. पण तो खाली मान घालून म्हणायचा, "मैम, पत्रास कारण तीसरे पैराग्राफ में है."

"तो पहले दो में क्या कर रहे थे? चाय पी रहे थे?"

सगळं टेबल हसायचं. जानकीपुरममधल्या त्यांच्या घरातलं ते जेवणाचं टेबल, वर फुलाफुलांचं प्लास्टिक. त्याच्याभोवती बसून किती पोरं परदेशी गेली याचा हिशोब त्यांनी ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही. पण ती सगळी जिथे असतील तिथे, कॅनडात म्हणा, जर्मनीत म्हणा, कामाची मेल लिहायला बसली की मनात "पत्रास कारण" म्हणत असतील, आणि शेजारच्या गोऱ्या माणसाला सांगत असतील की ही आमच्या लखनौची म्हण आहे.

ती लखनौची नव्हे. ती आमच्या घरातून गेली. कशी ते सांगतो.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. विट्याच्या पलीकडचं आमचं गाव. तिकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सराफांनी आणलेलं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्या धंद्यानं आमच्या गावची माणसं कुठल्या कुठल्या शहरांत नेऊन टाकली. मला मामानं लखनौला आणलं आणि चौक नावाच्या जुन्या सराफ्यातल्या एका गल्लीत भट्टीपुढे बसवलं. पुढे लग्न झालं, बायको आली, स्नेहल इथेच जन्मली. मग आईला अर्धांगाचा झटका आला, बायको तिचं करायला गावी गेली आणि तिकडचीच झाली. लखनौत उरलो आम्ही दोघं, बाप-लेक. मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. दोघांचं व्यवस्थित चालायचं.

बाईंची ओळख शिव्यांमुळे झाली. मी दुकानात बसून धाकट्या भावाला फोनवर झाडत होतो. "गाढवा, म्हातारीला डॉक्टरकडं न्यायला तुला मुहूर्त लागतो व्हय रं? ग्रामपंचायतीपुढं पत्ते कुटायला बरा वेळ घावतो!" असं बरंच. वर बघतो तर दारात सुती साडीतल्या एक बाई उभ्या. हातात तुटक्या बांगड्यांची पुरचुंडी, सराफानं त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. मी फोन बंद करायला लागलो तर म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या. फार दिवसांनी कोणी मराठीत रागावलेलं ऐकलं."

त्या मूळच्या दर्यापूरकडच्या, अमरावती जिल्ह्यातल्या. ऐन तरुणपणी इथल्या एका मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आल्या. यजमान सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मूल नाही. निवृत्तीनंतर बाहेरगावच्या ॲडमिशनसाठी जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिचा लिहिण्याचा भाग शिकवायला लागल्या. परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं असे चार भाग. बोलण्यात लखनौची पोरं कोणाला हार जात नाहीत. गाडी अडते ती लिहिण्यात.

त्यांचं मराठी फार स्वच्छ होतं. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून "व्हय" निघालं की मलाच लाजल्यासारखं व्हायचं. त्या मात्र कधी हसल्या नाहीत. उलट म्हणायच्या, "भाऊ, तुमचं मराठी रोजच्या वापरातलं आहे. माझं कपाटातलं."

स्नेहलचं बीएस्सी संपत आलं होतं. तिला पुढचं शिकायला आयर्लंडला जायचं होतं. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "पाठवा तिला. आणि फी-बी काढू नका. गावाकडून ज्वारी येत असेल तर रविवारी एक भाकरी आणा. इथे ज्वारीचं पीठ विचारलं तर लोक जनावरासाठी हवंय का म्हणतात."

भाकरी मला येते. भट्टीपुढे बसणाऱ्याला चुलीची काय भीती? तर पहिल्या रविवारी भाकऱ्या फडक्यात बांधून मी त्यांच्या फाटकापाशी गेलो. आमच्याकडे शाळेतल्या मास्तरणीला बाई म्हणतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी आपला गावच्या सवयीनं ओरडलो, "बाई! ओ बाई! आहात का?"

शेजारच्या गच्चीवर मिश्राजी ऊन खात बसले होते. ते दचकून उठले. "किसको पूछ रहे हैं आप?"

"बाई जी को."

"भाईसाहब, शरीफ़ों का मोहल्ला है. यहाँ कोई बाई-वाई नहीं रहती."

मी म्हटलं, "अरे रहती हैं! लड़के-लड़कियाँ आते हैं ना इनके यहाँ शाम को, वही हमारी बाई."

मिश्राजींचा चेहरा काय झाला ते लिहिता येत नाही. लखनौत बाई या शब्दाला कोठ्यांचा केवढा मोठा इतिहास आहे ते मला तेव्हा कोण सांगणार? आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. हसून हसून त्यांना फाटकाची कडी निघेना. "मिश्राजी, इनके यहाँ टीचर को बाई कहते हैं."

"तो आप इनकी टीचर हैं?"

"अब तक तो नहीं थी. लगता है बनना पड़ेगा."

त्या दिवसापासून मिश्राजी त्यांना "मैडम बाई जी" म्हणायला लागले, फार अदबीनं.

स्नेहलनं परीक्षा दिली. ऐकण्यात, वाचण्यात, बोलण्यात सुरेख मार्क. लिहिण्यात नवापैकी सहा. हवे होते साडेसहा. अर्धा म्हणजे किती, तो कुठे मिळतो, कसा भरून काढतात, काही कळेना. मी भट्टी बंद करून जानकीपुरमला गेलो.

"बाई, बाकीचे तिन्ही चांगले आहेत की. सगळ्यांचं मिळून धरलं तर?"

बाई म्हणाल्या, "सगळीकडे मिळून धरत नाहीत, भाऊ. काही कॉलेजं चाळणी लावतात, काही तराजू. चाळणीवाल्यांची भोकं साडेसहाची. सहा म्हणजे खाली. बाकीचं काय आहे ते कोणी बघत नाही. तराजूवाले सगळं एकत्र तोलतात, लिहिणं जरा कमी भरलं तर दुसरं काही जास्त आहे का बघतात. आणि काही अशीही आहेत की मार्क मागून घेतात आणि बघतच नाहीत."

"बघत नाहीत तर मागतात कशाला?"

"लग्नात पत्रिका मागतात ना, तसं. जमवायचं असेल तर पत्रिका कोणी उघडत नाही. मोडायचं असेल तर तीच आधी काढतात."

मला हसू आलं, पण रात्रीचं जेवण गेलं नाही. स्नेहल म्हणाली, "पापा, टेंशन मत लो यार." तिनं असं म्हटलं की मला दुप्पट टेंशन यायचं.

एका चाळणीवाल्या कॉलेजाचा नकार लगेच आला. मग बाईंनी तिला वेगळंच काम दिलं. म्हणाल्या, इंग्रजी राहू दे. तुला जी भाषा येते तीत काहीतरी लिही, मला तुझा हात बघू दे.

"मैम, हिंदी में लिखूँ?"

"मराठीत येतं का?"

स्नेहल म्हणाली, "मराठी में सिर्फ़ दादी वाली चिट्ठी आती है."

आता हे खरं होतं. माझ्या आईला फोनवर ऐकू येत नाही. तिला पत्र लागतं, बायको नाहीतर शेजारची कोणी पोर ते तिच्या कानाशी मोठ्यानं वाचते. म्हणून स्नेहल लहान असल्यापासून मी सांगायचो आणि ती लिहायची. तिला तेवढंच मराठी लिहिता यायचं, पण तेवढं पाठ. तिनं तिथे बसून झरझर लिहून दिलं. ती. आजीस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम आहे. तुमचे क्षेम कळवावे. तुमची तब्येत कशी आहे? इकडे थंडी फार आहे. धुके असते. पत्र लिहिण्यास कारण की.

बाईंनी ते वाचलं आणि आतून स्नेहलचे इंग्रजी निबंध आणून शेजारी ठेवले. एकदा इकडे बोट, एकदा तिकडे. मग जे हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी. मी घाबरलो. म्हटलं, पोरीचं काही फारच चुकलंय.

"भाऊ, बघा. आधी नमस्कार. मग आपलं क्षेम. मग त्यांचं क्षेम. मग हवापाणी. मग पत्रास कारण. शेवटी थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पोरगी इंग्रजीतही आजीलाच पत्र लिहिते आहे. फक्त मायन्यात आजीच्या जागी परीक्षक."

"मग चुकलं ते?"

बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "चूक कशी म्हणू? समोरच्याचं बरं विचारल्याशिवाय आपलं काम काढायचं नाही, ही आपली रीत. पण परीक्षकाला आजीइतका वेळ नसतो."

मी घरी येताना मुळूमुळू रडलो, रिक्षात. माझ्या तोंडचं मराठी पोरीच्या इंग्रजीत जाऊन बसलंय हे ऐकून आनंद व्हावा की काळजी वाटावी, कळेना. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर "पत्रास कारण?" सुरू झालं. आधी फक्त स्नेहलला, मग सगळ्यांना.

संध्याकाळी पोरं गेली की त्या घरात जी शांतता पसरायची ती तुम्ही पाहिली असती तर तुम्हीही काहीतरी कारण काढून थांबला असता. मी थांबायचो. कधी गॅसची टाकी बदलून दे, कधी नळाचा वॉशर. काम झालं की त्या चहा टाकायच्या. फोन टेबलावर असायचा. गेलेली पोरं आधी रोज मेसेज करायची, मॅम पोचलो, मॅम बर्फ पडला. मग दिवाळी-ईदला. मग नुसतं दिव्याचं चित्र. बाई त्या चित्रालाही पूर्ण वाक्यात उत्तर द्यायच्या. कुठे आहेस, काय खातोस, आई बरी आहे का. त्याच्यावर अंगठा यायचा.

"अंगठा तर आमच्या आजोबांचा असायचा, बाई," मी एकदा म्हटलं, "ते निरक्षर होते."

"यांना मी शिकवलंय," बाई म्हणाल्या. दोघं हसलो. हसून झाल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला.

त्यांचे डोळे अधू होत चालले होते. समोरचं मधलंच पुसट व्हायचं म्हणे, कडेचं दिसायचं. म्हणून कागद तिरका धरून बघायच्या. पुढे पोरांकडून निबंध मोठ्यानं वाचून घ्यायला लागल्या. अमरावतीहून त्यांच्या भाच्याचा फोन यायचा. तो फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. "आत्या, आता एकटं राहायचं नाही. घर आवरा, मी न्यायला येतो."

"येते रे. ही एक पोरगी निघू दे."

ती एक पोरगी म्हणजे आमची स्नेहल.

मी चहाचे कप विसळून ठेवले. पण घरी आल्यावर देवापुढे उभा राहिलो आणि कळेना काय मागायचं. स्नेहलला ॲडमिशन मिळू दे म्हणावं, तर त्याच शब्दात मी दोघींना घालवत होतो. आजवर देवाकडे मी दोन उलट गोष्टी एकदम मागितल्या नव्हत्या. नुसताच हात जोडून परत आलो.

तराजूवाल्या एका कॉलेजात स्नेहलनं अर्ज केला. त्यांना मार्कांबरोबर एक निबंध लागतो, एसओपी म्हणतात, मला इथेच का यायचंय त्याचा. लखनौतल्याच कपूरथला भागातल्या एका कन्सल्टन्सीतला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "अंकल, वो हम बना देंगे. एकदम टॉप." स्नेहलला वाटलं, आपलं लिहिणं सहाचं, त्यापेक्षा हे बरं. तिनं ते पाठवून दिलं आणि मग बाईंना वाचून दाखवलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बोट टेबलावरच होतं, हललं नाही. म्हणाल्या, "सुंदर आहे. कोणाचं आहे?"

स्नेहल टेबलावरच्या प्लास्टिकचं फूल नखानं खरवडायला लागली.

पुढे कॉलेजाची मेल आली. त्यात गोड शब्दांत लिहिलं होतं की तुमचा निबंध आणि तुमचे लिहिण्याचे मार्क एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसून, आम्ही आयत्या वेळी देऊ त्या विषयावर अर्धा तास लिहून दाखवा. मग ठरवू. स्नेहल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मला वाटलं बाई आता चिडतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "घाबरायचं काय त्यात? तराजूवाले आहेत, दोन्ही पारड्यांत एकच माणूस बसलाय का, एवढंच बघतायत. तू बस."

"मैम, कुछ रटवा दीजिए ना. कोई शुरुआत..."

"नाही. एक शब्द देणार नाही." आणि खरंच दिला नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या तिला नुसते प्रश्न विचारायच्या. काल काय पाहिलंस? कोणाचा राग आला? का आला? मग सगळ्यात आधी काय सांगशील? स्नेहल हिंदीत सांगायची, इंग्रजीत लिहायची, बाई मराठीत "हं, मग?" म्हणायच्या. असं ते चालायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकायचो. माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्यांदा "मग?" विचारलेलं नाही.

तो दिवस थंडीतला होता. आमच्याकडचं नेट भरवशाचं नाही म्हणून स्नेहल बाईंच्या आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली. दार लावून घेतलं. आम्ही दोघं पुढच्या अंगणात उन्हात बसलो. मधे मटारची परात. बाई बोटांनीच शेंग चाचपून सोलत होत्या. मी सोलत होतो की नुसता दाणे सांडत होतो, सांगता येणार नाही. मिश्राजींनी गच्चीवरून विचारलं, "मैडम बाई जी, बिटिया का हो गया?" बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. ते बिचारे पायांत चप्पल होती ती पण काढून आत गेले.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय?"

मी म्हटलं, "तिला मिळू दे, दुसरं काय?"

"ते झालं क्षेमकुशल."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला सांगता आलं असतं. की बाई, पोरगी गेली की घरात हिंदीतही उत्तर येणार नाही. की तुम्ही गेलात की या शहरात मला भाऊ म्हणणारं कोणी नाही. पण नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला असं बोलायला कोणी शिकवत नाही. मी म्हटलं, "तुमचे उपकार फार आहेत."

"उपकार म्हणू नका," त्या म्हणाल्या. त्यांनी मान जरा बाजूला वळवली. मधलं त्यांना दिसत नसे ना, म्हणून माणसाकडे बघायचं असलं की त्या अशा कडेनं बघायच्या. "मलाही तिला मिळायला हवंय. आणि मलाही नकोय. घ्या, सोला."

दार उघडलं. स्नेहल बाहेर आली ती बाईंच्या पायांशी येऊन बसली. विषय आला होता, ज्याच्याकडून तुम्ही शिकलात पण ज्याला ते माहीत नाही अशा माणसाबद्दल लिहा.

"काय लिहिलंस पहिल्या ओळीत?" बाईंनी विचारलं.

स्नेहलनं ती ओळ इंग्रजीत म्हणून दाखवली. मला कळली नाही. बाईंनी ती माझ्यासाठी मराठीत सांगितली, हळू, शब्द शोधत. "माझ्या आजीला ऐकू येत नाही आणि मला मराठी येत नाही, म्हणून आमच्या दोघींच्या मध्ये माझे वडील बसतात."

"पहिल्याच ओळीत?"

"हाँ मैम. नमस्ते भी नहीं किया."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांना मटारचा हिरवा वास. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

मिळाली ॲडमिशन. मेल आली तेव्हा मी भट्टीवर होतो, सोनं वितळायची मूस चिमट्यात धरलेली. ती खाली ठेवून मगच फोन घेतला, एवढं भान राहिलं. चौकात पेढे मिळेनात म्हणून रेवडी वाटली. स्नेहल निघाली त्या दिवशी विमानतळाच्या काचेपर्यंत बाई आल्या होत्या. तिला त्या एकच वाक्य म्हणाल्या, "मला अंगठा पाठवायचा नाही."

त्यानंतर भाचा आला. घर विकलं नाही, किल्ली मिश्राजींकडे दिली. पुस्तकं कॉलेजला गेली. टेबल कोणी नेलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. सामान बांधायला मी होतो. सुतळीच्या गाठी मी मारायचो आणि बाई बोटांनी चाचपून म्हणायच्या, "पक्की आहे."

चारबाग स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. नागपूरकडची गाडी. भाचा पाण्याची बाटली आणायला उतरला होता. मी बॅगा सीटखाली ढकलत होतो. समोरच्या सीटवर अकोल्याकडचा एक घोळका होता, अयोध्येचं दर्शन करून परत चाललेला. त्यातल्या एका म्हातारीनं बाईंकडे वाकून विचारलं, "कोन्या गावच्या वं तुमी?"

बाई त्यांच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मी मूळची दर्यापूरची."

"अवं माय! दर्यापूरच्या? माह्या बहिनीची पोरगी देली न थिकडं!"

बाई एकदम पुढे सरकल्या. "हाव का? कोनाच्या घरी देली वं?"

म्हातारीनं नाव सांगितलं.

"काहून नाई वळखत मी! थ्याचा बाप अन् मी एकाच शाळंत व्हतो. लय खोडकर पोट्टा होता थो, माह्या येनीला बिब्बा लावला व्हता थ्यानं!"

सगळा डबा हसला. मी बॅग ढकलता ढकलता थांबलो. इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोललो, पण हा आवाज मी ऐकलाच नव्हता. त्या कुठल्यातरी दुसऱ्याच बाई होत्या. वेणी घातलेल्या, भांडखोर, दर्यापूरच्या गल्लीतल्या.

मी म्हटलं, "बाई, येतो."

"हो, हो, या भाऊ," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, पुन्हा ती कपाटातली भाषा. माझा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, सोडला. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "मंग? पुढं काय झालं वं बिब्ब्याचं?" आणि बाई तिकडे वळल्या.

मी खाली उतरून खिडकीपाशी आलो. एसीचा डबा, काच बंद, काळसर. भाच्यानं आतून मला हात केला. बाई पाठमोऱ्या होत्या. हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, एक हात केसांपर्यंत नेत होत्या, पुन्हा खाली आणत होत्या. समोरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. गाडी हलली. मी काचेबरोबर थोडा चाललो, मग थोडा भरभर, मग फलाटावर चहावाल्याची गाडी आडवी आली तिथे थांबलो. बाईंचा हात अजून हवेतच होता.